जुन्या सर्व्हरचं अपग्रेड : आधी डिस्कची पार्टिशनं तपासा

गिरगाव ते परळ या पट्ट्यात एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. ग्रंथालयं, पतपेढ्या, छापखाने, शाळा चालवणारे ट्रस्ट. परळच्या केईएम किंवा टाटा स्मारक रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी या कामाला स्वतंत्र माणसं असतात. छोट्या संस्थेत मात्र सर्व्हर कार्यालयाच्या कोपऱ्यात उभा असतो, कुणा कार्यकर्त्याने कधीकाळी बसवून दिलेला असतो, आणि त्याची काळजी घेणारा माणूस दिवसभर दुसरंच काम करत असतो. ही कृती त्या माणसासाठी आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार संपला की अपग्रेड टाळून चालत नाही. सेंटओएस ७चा आधार आणि डेबियन १०चा दीर्घकालीन आधार, दोन्ही ३० जून २०२४ला संपले. उबुंटू २०.०४चा नेहमीचा आधार मे २०२५मध्ये संपला. डेबियन ११च्या दीर्घकालीन आधाराची मुदत ३१ ऑगस्ट २०२६ आहे. मुदत उलटली की सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं, आणि सभासदांचे पत्ते, ठेवींचे हिशेब अशा यंत्रावर ठेवणं बरोबर नाही.

अपग्रेडच्या तयारीत लोक डेटाबेसची आवृत्ती पाहतात, कार्यक्रम नव्या सिस्टिमवर चालेल का ते विचारतात. डिस्कच्या पार्टिशनांकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण ती यंत्र बसवलं त्या दिवशी पाडली गेली आणि नंतर कुणाला दिसलीच नाहीत. सिस्टिम दोन-तीनदा बदलली तरी पार्टिशनं तीच राहतात. मग २०१२ साली ऐसपैस वाटलेलं २५० एमबीचं बूट पार्टिशन आजच्या कर्नलला पुरत नाही आणि काम मध्येच अडकतं. यंत्र धड जुनं राहत नाही, धड नवं होत नाही, आणि सोमवारी सकाळी काउंटरवर रांग लागलेली असते.

उदाहरणासाठी कोहा ही मुक्त ग्रंथालय-प्रणाली चालवणारा, दोन डिस्कचा डेबियन सर्व्हर धरला आहे. पतपेढीच्या किंवा छापखान्याच्या सर्व्हरला डेटाबेसचा भाग सोडून सगळं तसंच लागू पडतं. आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती लहान रोमन अक्षरांत टाइप करायची.

१. डिस्कचा नकाशा काढा

सर्व्हर चालू असतानाच हे काम होतं आणि त्यात कशालाही धक्का लागत नाही. एलएसबीएलके ही आज्ञा द्या. कोणती डिस्क, तिच्यावर कोणती पार्टिशनं, प्रत्येकाचा आकार, फाइल सिस्टिम कोणती आणि ते कुठे जोडलेलं आहे, हे सगळं एका पडद्यावर दिसतं. मग रूट अधिकाराने एफडिस्क एल पर्यायासह चालवा. त्यात दोन गोष्टी शोधायच्या. ‘डिस्कलेबल’ पुढे ‘डॉस’ लिहिलं आहे की ‘जीपीटी’, आणि पहिलं पार्टिशन कितव्या सेक्टरपासून सुरू होतं.

‘डॉस’ म्हणजे जुनी एमबीआर पद्धत. ती १९८३ साली पीसी डॉसच्या २.० आवृत्तीबरोबर आली. तिच्या तक्त्यात चारच मुख्य नोंदी बसतात आणि सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो. ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर ही पद्धत साधारण २.२ टीबीच्या पुढे पाहू शकत नाही. म्हणून २ टीबीची डिस्क एमबीआरवर पूर्ण वापरता येते, पण ४ टीबीची घेतली तर जवळजवळ अर्धी वाया जाते. जुनी मासिकं स्कॅन करणाऱ्या ग्रंथालयांना ही मर्यादा सगळ्यात आधी नडते. जीपीटीला ती अडचण नाही. तिच्यात साधारणपणे १२८ नोंदी असतात, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते आणि तक्ता बिघडला का हे ताडण्यासाठी बेरजेची खूणही असते.

पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू होत असेल तर डिस्क फार जुन्या रीतीने पाडलेली आहे. ग्रब हा बूट लोडर एमबीआर डिस्कवर आपला मुख्य तुकडा पहिल्या सेक्टरनंतरच्या आणि पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या फटीत ठेवतो. ६३वाल्या डिस्कवर ही फट जेमतेम ३१ केबीची असते. नव्या ग्रबला रेड (एकाहून जास्त डिस्कची जोडणी) किंवा एलव्हीएम (डिस्कची जागा हवी तशी वाटणारी व्यवस्था) वाचायचं असेल तर तो तेवढ्यात मावत नाही आणि बसवायलाच नकार देतो. नव्या रीतीत पहिलं पार्टिशन २०४८व्या सेक्टरपासून, म्हणजे १ एमबीपासून सुरू होतं. तिथे ही अडचण येत नाही.

यंत्र बायोसने बूट होतं की युईएफआयने, हेही आत्ताच पाहा. सिस फोल्डरमध्ये फर्मवेअर, आणि त्यात ईएफआय नावाचा फोल्डर असेल तर युईएफआय. नसेल तर बायोस.

हे सगळं कागदावर छापून घ्या. पडद्याचा फोटो मोबाइलमध्ये असून भागत नाही. सर्व्हर बंद पडल्यावर तिथे कोण उभं असेल हे आज सांगता येत नाही, आणि कागद कुणालाही वाचता येतो.

२. नकाशाची यंत्राला वाचता येईल अशी प्रत ठेवा

एसएफडिस्कची डम्प आज्ञा पार्टिशनांचा तक्ता साध्या मजकुरात लिहून देते. जीपीटी डिस्क असेल तर एसजीडिस्कच्या बॅकअप पर्यायाने वेगळी फाइल करा. प्रत्येक डिस्कचा पहिला १ एमबी डीडीने उचलून ठेवा. त्यात ग्रबही येतो. एलव्हीएम असेल तर व्हीजीसीएफजीबॅकअप चालवा. सॉफ्टवेअर रेड असेल तर एमडीअ‍ॅडमचा डिटेल-स्कॅनचा निकाल जपून ठेवा. एटसी फोल्डर पूर्ण उचला. हे सगळं मिळून एका पेन ड्राइव्हचा कोपराही भरत नाही. दोन पेन ड्राइव्ह करा, एक संस्थेत ठेवा, एक घरी न्या.

३. प्रत्येक पार्टिशनची जागा मोजा

सगळ्यात महत्त्वाचं बूट पार्टिशन. डेबियन १३च्या प्रकाशन-टिपणांत सांगितलं आहे की बूट वेगळं असेल तर ते किमान ७६८ एमबीचं असावं आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे असावेत. जुन्या डेबियन इन्स्टॉलरने आपोआप पाडलेली बूट पार्टिशनं २५० एमबीच्या आसपास असायची. फरक कशामुळे पडला? कर्नलबरोबर जी इनिटआरएएमएफएस फाइल तयार होते तिच्यात आता खूप जास्त ड्रायव्हर आणि फर्मवेअर भरलेले असतात. शिवाय अपग्रेडच्या वेळी जुना आणि नवा असे किमान दोन कर्नल शेजारी-शेजारी बसावे लागतात.

आधी जुने, न वापरातले कर्नल काढून टाका. एपीटीची ऑटोरिमूव्ह आज्ञा ते करते. चालू असलेला कर्नल कोणता हे यूनेम आर पर्यायाने पाहून घ्या आणि तो आणि त्याच्या आधीचा एक, असे दोन राखा. एवढं करूनही जागा कमी पडत असेल तर पार्टिशनच बदलावं लागेल. इनिटआरएएमएफएसमध्ये फक्त या यंत्राला लागणारे ड्रायव्हर भरण्याची सोय आहे आणि त्याने फाइल बरीच लहान होते. पण मग हीच डिस्क दुसऱ्या मदरबोर्डला लावून बूट करण्याची खात्री राहत नाही, आणि जुन्या यंत्राच्या बाबतीत तीच वेळ कधी ना कधी येते. मी ती वाट सुचवणार नाही.

रूट आणि व्हार पार्टिशन पाहा. अपग्रेडची शेकडो पॅकेजं आधी व्हारमध्ये उतरतात आणि मग रूटमध्ये उलगडतात. कोहाचा डेटाबेसही व्हारमध्येच असतो, त्यामुळे व्हार भरलं की पॅकेजं अडतात आणि मारियाडीबी हा डेटाबेसही थांबतो. पूर्वी व्हार, टेम्प, यूएसआर अशी प्रत्येकाची वेगळी छोटी पार्टिशनं पाडायची पद्धत होती. तशी असतील तर आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. डेबियन १२पासून बिन आणि लिब हे फोल्डर यूएसआरमध्ये विलीन असावेच लागतात. यूएसआर वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ते इनिटआरएएमएफएसच्या टप्प्यातच जोडलं जातं ना, हे आधी पारखा. आणि डेबियन १३मध्ये टेम्प फोल्डर डिस्कवर न राहता मेमरीत जातो, कमाल निम्म्या रॅमपर्यंत. एफएसटॅब फाइलमध्ये टेम्पची वेगळी नोंद असेल तर तीच चालू राहते. चार जीबी रॅमच्या सर्व्हरवर कुणी मोठ्या स्कॅनच्या फाइली टेम्पमध्ये जोडत असेल तर त्याला हा बदल लगेच जाणवेल.

४. फाइल सिस्टिम नव्या कर्नलला वाचता येते का?

एक्स्ट ४ असेल तर निश्चिंत राहा. एक्स्ट ३सुद्धा आजचे कर्नल वाचतात. रायझरएफएस असेल तर मात्र थांबा. २००० ते २०१०च्या दरम्यान बसवलेल्या यंत्रांवर ती अजून सापडते. लिनक्स कर्नलच्या ६.१३ आवृत्तीतून, म्हणजे जानेवारी २०२५मध्ये, ती काढून टाकली गेली आहे. तिच्यावरचा डेटा जुन्या कर्नलखाली असतानाच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा लागतो.

सेंटओएस ७वरून अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सकडे जाणाऱ्यांनी इथे जास्त वेळ द्यावा. तिथली नेहमीची फाइल सिस्टिम एक्सएफएस आहे, आणि एक्सएफएस वाढवता येते, लहान करता येत नाही. म्हणजे रूट लहान करून बूटला जागा देण्याचा मार्ग बंद. बीटीआरएफएस वापरलं असेल तर रेड हॅटने ८व्या आवृत्तीपासून ते काढून टाकलं आहे. आणि सगळ्यात धक्कादायक प्रकार डिस्कच गायब होण्याचा. ८व्या आवृत्तीत अनेक जुन्या रेड कार्डांचे ड्रायव्हर वगळले गेले. जुना सर्व्हर जर अशा कार्डावर चालत असेल तर नवी सिस्टिम सुरू होते आणि तिला एकही डिस्क दिसत नाही. कार्डाचं नाव एलएसपीसीआयने काढा आणि वगळलेल्या यादीशी ताडून पाहा. तसंच ९व्या आवृत्तीला एक्स८६-६४च्या दुसऱ्या पातळीचा प्रोसेसर लागतो. फार जुन्या प्रोसेसरवर ती सुरूच होत नाही.

५. नावं आणि ग्रबची नोंद

एसडीए, एसडीबी ही डिस्कची नावं कायमची नसतात. कर्नल बदलला की दोन डिस्क ज्या क्रमाने सापडतात तो क्रम उलटू शकतो. एफएसटॅबमध्ये एसडीए१ अशी नोंद असेल तर ती काढून यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टिमची स्वतःची ओळख, लिहा. यूयूआयडी बीएलकेआयडी आज्ञेने मिळतो. बदल केल्यावर यंत्र एकदा रीस्टार्ट करून पाहा, त्याच दिवशी, अपग्रेडच्या कितीतरी आधी.

आता एक अशी गोष्ट जी बहुतेक कृतींत लिहिलेली नसते आणि जिच्यामुळे मी सर्वांत जास्त यंत्रं अडकलेली पाहिली आहेत. ग्रबचं पॅकेज कोणत्या डिस्कवर बसवायचं याची नोंद डेबियन आपल्या संरचनेत ठेवतो, डिस्कच्या अनुक्रमांकासकट. मध्ये कधी डिस्क खराब झाली आणि लॅमिंग्टन रोडवरून नवी आणून लावली, तर ती नोंद फेकून दिलेल्या डिस्ककडेच बोट दाखवत राहते. अपग्रेडमध्ये ग्रबच्या बूट फोल्डरमधल्या फाइली नव्या होतात, पण डिस्कच्या सुरुवातीचा तुकडा जुनाच राहतो. दोघांचं जुळत नाही, आणि रीस्टार्ट केल्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच लिहिलेला काळा पडदा येतो. जुलै २०२०मध्ये ‘बूटहोल’ या सुरक्षादोषावरच्या दुरुस्तीनंतर जगभर कितीतरी सर्व्हर याच प्रकारे अडले होते.

उपाय सोपा आहे. डीपीकेजी-रीकॉन्फिगर आज्ञा ग्रब-पीसी या पॅकेजवर चालवा. यादीत ज्या डिस्क दिसतील त्यांतल्या दोन्ही प्रत्यक्ष डिस्क निवडा. पार्टिशन निवडू नका, पूर्ण डिस्क निवडा. रेड असलेल्या सर्व्हरवर ग्रब फक्त पहिल्या डिस्कवर असणं ही फार आढळणारी चूक आहे. पहिली डिस्क गेली की दुसरीवर सगळा डेटा सुखरूप असूनही यंत्र उठत नाही.

६. बॅकअप घ्या आणि परत उतरवून पाहा

कोहासाठी कोहा-डम्प ही आज्ञा डेटाबेस आणि संरचना दोन्ही उचलते. स्कॅनच्या फाइली आरसिंकने बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि एसएचए२५६च्या बेरजा काढून दोन्हीकडच्या जुळवा. मग कुठल्याही सुट्या संगणकावर रिकामा डेबियन आणि कोहा बसवून त्यावर हा डम्प उतरवा. ग्रंथपालबाईंना बोलवा. त्यांना दोन-चार ओळखीची पुस्तकं शोधायला सांगा, एका सभासदाचं खातं उघडायला सांगा. मराठी शीर्षकं नीट दिसतात का, जोडाक्षरं फुटलेली नाहीत ना, हे त्यांच्या डोळ्यांना पटकन कळतं. त्या ‘बरोबर आहे’ म्हणाल्या की बॅकअप झाला असं समजा, त्याआधी नाही.

७. ठरवा : जुनीच डिस्क दुरुस्त करायची की नवी लावायची?

इथे माझं मत स्पष्ट आहे. एमबीआर तक्ता, ६३वा सेक्टर, लहान बूट आणि पाच वर्षांहून जुनी डिस्क यांपैकी दोन गोष्टी जरी आढळल्या तरी नवी डिस्क लावा. जुन्या डिस्कवर पार्टिशनं सरकवण्याचा खटाटोप करू नका. सरकवताना लाखो सेक्टर वाचून दुसरीकडे लिहिले जातात, आणि म्हाताऱ्या डिस्कचा दोष नेमका त्याच वेळी उघडा पडतो. नवी डिस्क लावली तर जुनी जशीच्या तशी हातात राहते. काहीही बिघडलं तरी ती परत लावून अर्ध्या तासात संस्थेचं काम सुरू करता येतं. संस्थेच्या कमिटीला डिस्कचा खर्च पटवताना हेच सांगा.

डिस्क तुलनेने नवी आहे आणि अडचण फक्त बूटच्या आकाराची आहे, तर जागच्या जागी दोन उपाय आहेत. बूटच्या लगेच मागे स्वॅप पार्टिशन असेल तर स्वॅप बंद करा, एफएसटॅबमधून काढा, ते पार्टिशन पुसा, पार्टेडने बूट मोकळ्या जागेत वाढवा, बूट अनमाउंट करून ई२एफएससीके चालवा आणि रिसाइझ२एफएसने फाइल सिस्टिम ताणा. स्वॅपसाठी रूटमध्ये एक फाइल करून घ्या. इनिटआरएएमएफएसच्या संरचनेत ‘रिझ्यूम’ नावाची फाइल जुन्या स्वॅपचा यूयूआयडी धरून बसलेली असते. ती बदलायला विसरलात तर प्रत्येक वेळी सुरू होताना यंत्र हरवलेल्या स्वॅपची वाट पाहत बसेल.

बूटच्या मागे थेट एलव्हीएम असेल तर वाढवायला जागाच नसते. तिथे बूट हे वेगळं पार्टिशन ठेवायचंच सोडून द्या. त्यातल्या फाइली रूटमधल्या बूट फोल्डरमध्ये आणा, एफएसटॅबमधली नोंद काढा, अपडेट-ग्रब आणि मग ग्रब-इन्स्टॉल दोन्ही डिस्कवर चालवा. आजचा ग्रब एलव्हीएमवरची एक्स्ट ४ फाइल सिस्टिम वाचतो. अट एवढीच की डिस्क कूटबद्ध केलेली नसावी आणि पहिलं पार्टिशन २०४८व्या सेक्टरपासून सुरू होत असावं.

८. दिवस निवडा

शनिवारी संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर सुरू करून रविवारी संपवावं, हे सोयीचं. पण मग लागणाऱ्या सगळ्या वस्तू शुक्रवारपर्यंत हातात हव्यात, कारण ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवरची बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. दोन नव्या डिस्क, साटाच्या दोन जादा केबल, यूएसबी-साटा अडॅप्टर, डेबियनचे दोन पेन ड्राइव्ह. केबलवर हात आखडू नका. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत जुन्या केबलची टोकं गंजतात आणि दोष डिस्कवर ढकलला जातो.

लालबाग-परळ भागात गणेशोत्सवाच्या दिवसांत हे काम काढू नका. रस्ते बंद असतात, गर्दीतून सामान घेऊन पोचणंच कठीण. २०२६मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि डेबियन ११ची मुदत ऑगस्टअखेर संपते, म्हणजे काम जुलै-ऑगस्टमध्ये पावसातच येणार. हिंदमाता परिसरात किंवा तळमजल्यावर कार्यालय असेल तर भरतीचं वेळापत्रक पाहा. साडेचार मीटरहून उंच भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की त्या भागात किती पाणी तुंबतं हे तिथल्या माणसाला सांगायला नको. सर्व्हर टेबलावर उचलून घ्या आणि मगच उघडा.

बेस्टचा वीजपुरवठा शहरात सहसा जात नाही, म्हणून यूपीएसची बॅटरी मेलेली आहे हे वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली तेव्हा ते अनेकांना कळलं. काम सुरू करण्याच्या आठवडाभर आधी यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा आणि किती मिनिटं तग धरतो ते घड्याळ लावून पाहा. पार्टिशनचा तक्ता लिहिताना वीज जाणं परवडत नाही.

९. नव्या डिस्कवर पार्टिशनं पाडा

दोन्ही डिस्कवर जीपीटी करा, यंत्र बायोसवालं असलं तरी. पहिलं १ एमबीचं बायोस-बूट पार्टिशन, जीडिस्कमध्ये त्याचा प्रकार ईएफ०२. जीपीटीत ती जुनी फट नसते, ग्रबचा तुकडा इथे बसतो. हे पार्टिशन विसरलं तर बायोसवाल्या यंत्रावर ग्रब बसत नाही. दुसरं १ जीबीचं ईएफआय पार्टिशन, फॅट ३२मध्ये. आज यंत्र बायोसचं असलं तरी हे पाडून ठेवा. उद्या मदरबोर्ड बदलला तर डिस्क तशीच तिकडे लावता येईल. तिसरं बूट, २ जीबी. बाकीची सगळी जागा चौथ्या पार्टिशनमध्ये, आणि त्यावर एलव्हीएम.

तिसरी आणि चौथी पार्टिशनं एमडीअ‍ॅडमने रेड १ करा. ईएफआय पार्टिशन मात्र रेडमध्ये घालू नका, फर्मवेअरला रेड कळत नाही. दोन्ही डिस्कवर त्याची वेगवेगळी प्रत ठेवा. एलव्हीएममध्ये रूटला ४० जीबी, व्हारला ६०, स्कॅनच्या संग्रहाला आज लागते त्याच्या दीडपट, आणि उरलेली जागा कुणालाही न देता मोकळी ठेवा. एलव्हीएमचा खरा उपयोग त्या मोकळ्या जागेत आहे. पुढच्या अपग्रेडला कुठलंही पार्टिशन कमी पडलं तर एका आज्ञेने वाढवता येतं. सुरुवातीलाच सगळी जागा वाटून टाकली की ती सोय गेली. एलव्हीएमच्या गटाला जुन्या गटाहून वेगळं नाव द्या, नाहीतर दोन्ही डिस्क एकाच वेळी लावल्यावर नावांचा गोंधळ होतो.

फॉरमॅट करताना एक काळजी घ्या. एक्स्ट ४ आणि एक्सएफएसच्या नव्या साधनांत काही वैशिष्ट्यं आपोआप चालू असतात, जी जुन्या ग्रबला किंवा जुन्या कर्नलला वाचता येत नाहीत. पुढच्या पायरीत या डिस्कवरून आधी जुनी सिस्टिमच चालवायची आहे. म्हणून फॉरमॅट जुन्या सिस्टिमखालीच, तिच्याच साधनांनी करा. नव्या पेन ड्राइव्हवरून बूट करून फॉरमॅट करू नका.

१०. डेटा हलवा आणि जुनी सिस्टिम नव्या डिस्कवर उठवा

कोहा, मारियाडीबी आणि अपाचे बंद करा. मग आरसिंकने रूट, बूट, व्हार आणि संग्रह हलवा. हार्ड लिंक, एसीएल, एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट आणि अंकी मालकी राखणारे पर्याय चालू हवेत. नव्या फाइल सिस्टिमचे यूयूआयडी नव्या एफएसटॅबमध्ये लिहा, एमडीअ‍ॅडमची संरचना नवी करा, सीएचरूट करून इनिटआरएएमएफएस पुन्हा तयार करा आणि ग्रब दोन्ही नव्या डिस्कवर बसवा.

कुणी सांगेल की डीडीने डिस्क जशीच्या तशी उतरवून घ्या, लवकर होतं. तसं केलं तर जुना एमबीआर आणि लहान बूट दोन्ही नव्या डिस्कवर जातात. शिवाय दोन डिस्कचे यूयूआयडी एकच होतात आणि दोन्ही लावलेल्या असताना कोणती जोडली गेली हे सांगता येत नाही.

आता यंत्र बंद करा, जुन्या डिस्क काढून बाजूला ठेवा, आणि नव्या डिस्कवरून जुनीच सिस्टिम सुरू करा. कोहा उघडा. एक पुस्तक देवघेवीत टाकून पाहा. ही पायरी वेळखाऊ वाटते, पण ती गाळली आणि पुढे काही बिघडलं तर दोष नव्या पार्टिशनांचा की नव्या सिस्टिमचा हे शोधत रविवार निघून जातो. एका वेळी एकच गोष्ट बदलली की दोष कुठला हे लगेच कळतं.

११. अपग्रेड

इथवर आलात तर हा भाग सरळ आहे. डेबियनमध्ये एक आवृत्ती गाळून पुढे उडी मारता येत नाही. ११वरून १२, मग १३. आधी चालू आवृत्तीच्या सगळ्या दुरुस्त्या घ्या. सोर्सेस फाइलमधली नावं बदला, नवी पॅकेजं न आणता साधा अपग्रेड करा, मग फुल-अपग्रेड. काम टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये चालवा, म्हणजे नेटवर्क तुटलं तरी ते चालू राहतं. प्रत्येक आवृत्तीनंतर रीस्टार्ट करा, बूटमध्ये किती जागा उरली ते पाहा, आणि मगच पुढची घ्या. कोहाची तुमची आवृत्ती त्या डेबियनवर चालते याची खात्री सहाव्या पायरीतल्या सुट्या संगणकावर आधीच करून घेतलेली असावी.

१२. तपासा

एलएसबीएलके पुन्हा चालवा आणि पहिल्या कागदाशेजारी नवा कागद लावा. रेड पूर्ण जुळला आहे का हे प्रॉक फोल्डरमधल्या एमडीस्टॅट फाइलमध्ये दिसतं. तो जुळेपर्यंत थांबा, मग यंत्र बंद करून पहिली डिस्क काढा आणि दुसरीवरून सुरू करा. पुन्हा बंद करा, पहिली लावा आणि एमडीअ‍ॅडमने रेडमध्ये परत घ्या. रेड परत जुळू द्या, मग दुसरी काढून हाच प्रयोग करा. हे करायला लोक घाबरतात. पण डिस्क जायचीच असेल तर ती मार्चअखेरच्या हिशेबाच्या दिवशीही जाईल; त्याआधी एका रविवारी, सगळे बॅकअप हाताशी असताना पाहून घेतलेलं बरं.

जुन्या डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून, वर तारीख आणि ‘पुसू नये’ असं लिहून कपाटात ठेवा. संस्थेचा पुढचा वार्षिक हिशेब मंजूर होईपर्यंत त्यांना हात लावू देऊ नका. नवा नकाशा छापून एक प्रत सर्व्हरच्या झाकणाच्या आत चिकटवा आणि एक संस्थेच्या दप्तरात लावा. त्यावर कोणतं पार्टिशन किती मोठं का ठेवलं, हेही दोन ओळींत लिहा. पुढचा अपग्रेड बहुधा दुसराच कुणी करणार आहे.

आणि दोन्ही डिस्कवरून यंत्र वेगवेगळं उठल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काम पूर्ण झालं असं कमिटीला कळवू नका.